टेबल होतं ती जागा : अटलांटिक सिटीतल्या शोबोटमध्ये तीन दिवस

दिवस पहिला

सकाळी नऊला अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं एडिसन सोडलं. गाडीत लेक, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि मी. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बाटली. अंतर फार नाही, दीडशे-एकशे साठ किलोमीटर, पण डबा बरोबर असला की मला कुठल्याच प्रवासाची धास्ती वाटत नाही.

लेकीला मुलाला समुद्र दाखवायचा होता. हॉटेल मात्र शोबोट, तेही माझ्या हट्टाने ठरलं. गेल्या खेपेला इथे आले होते तेव्हा गणपतीच्या आरतीला एक बाई भेटल्या. मूळच्या बडोद्याच्या, घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या. लेक त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही इथे मावशीच म्हणते. त्या प्रसाद वाटत होत्या. शेवटचा द्रोण हातावेगळा झाला तशी त्यांनी हलकेच एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून समोर धरले. मला वाटलं, हात झटकले असतील. मग गप्पा निघाल्या. "मी शोबोटवर तेवीस वर्षं पत्ते वाटले," त्या म्हणाल्या. "मग त्यांनी कॅसिनो बंद केला. त्यानंतर त्या दारातून मी आत गेले नाही."

कराडला शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. किल्ला बघायला नेलं की मी मुलांना विचारायचे, हे बांधलं कोणी ते माहीत आहे, पण इथे पाणी कोण भरत होतं? मावशींचं ते वाक्य ऐकल्यापासून शोबोट बघायचंच असं मनात घेतलं होतं.

गार्डन स्टेट पार्कवे दक्षिणेकडे उतरत गेला तशी दोन्ही बाजूंना पाइनची बुटकी झाडं लागली. वाळूची जमीन, मैलोन् मैल तेच जंगल. मग झाडं संपली आणि खाऱ्या पाण्याची, हिरव्या गवताची दलदल सुरू झाली. त्या सपाटीच्या पलीकडे, अगदी क्षितिजावर, उंच मनोऱ्यांची एक रांग. गाव दिसत नाही, घरं दिसत नाहीत, नुसते मनोरे. अटलांटिक सिटी हे न्यू जर्सीतच एका लांबट बेटावर वसलेलं गाव आहे, आणि समुद्राला लागून उभ्या असलेल्या त्या मनोऱ्यांत उत्तरेच्या टोकाजवळ शोबोट.

शोबोट म्हणजे मिसिसिपी नदीवरून गावोगाव फिरणारं नाटकाचं जहाज. आपल्याकडे तमाशाचे फड बैलगाड्यांतून जत्रेला जात, तसे तिकडे हे नदीतून जात. त्या नावाचं पहिलं कॅसिनो हॉटेल लास व्हेगासमध्ये १९५४ साली उघडलं. त्याच कंपनीने १९८७ मध्ये इथे दुसरं उभारलं. जागा मात्र तिची नव्हती. शेजारच्या रिसॉर्ट्‌स इंटरनॅशनल या कंपनीकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. नुसता जुगार नको, घरच्यांनाही काही हवं, म्हणून आत बोलिंगच्या ६० पट्ट्या घातल्या होत्या. पुढे त्या गेल्या. १९९८ मध्ये हॅराज कंपनीने अख्खी शोबोट कंपनीच विकत घेतली, सजावट न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवाची झाली, मनोरे वाढले, खोल्या तेराशेंवर गेल्या. २००५ मध्ये हाउस ऑफ ब्लूज आलं, गाण्यांच्या मैफली सुरू झाल्या.

आता आत शिरलं की कॅसिनो नाही. खोल्या आहेत, खाण्याच्या जागा आहेत, आणि जुन्या कॅसिनोच्या विस्तीर्ण मजल्यावर लहान मुलांच्या खेळाच्या यंत्रांचा प्रचंड मोठा आर्केड आहे. नातू तिकडे बघून जागचा हलेना. मी मात्र वर बघत होते. केवढा तो मजला! एकही खिडकी नाही, एकही घड्याळ नाही. दिवस आहे की रात्र ते कळू द्यायचं नाही, हा कॅसिनोच्या बांधणीचा जुना नियम. खेळ बदलला, भिंती तशाच राहिल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या लाकडी बोर्डवॉकवर बसून दशम्या खाल्ल्या. समुद्र आपल्या कोकणासारखा नव्हे. पाणी करडं, थंड, लाट आखूड आणि जोरकस. पाठीमागे एकेका मनोऱ्यावर दिवे लागत होते. पणजीला मांडवीच्या काठावर उभं राहिलं की तरंगत्या कॅसिनोंचे असेच दिवे पाण्यात थरथरताना दिसतात. तिथे जहाजांचे कॅसिनो झाले, इथे कॅसिनोला जहाजाचं नाव दिलं.

दिवस दुसरा

आजचा दिवस पायी. बोर्डवॉक म्हणजे किनाऱ्याला समांतर गेलेला लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता. फळ्या तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या बसवलेल्या, चालताना पायाखाली किंचित दबतात. १८५४ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या कॅमडनहून इथे रेल्वे आली आणि गाव जन्माला आलं. लोक दिवसभर समुद्रावर लोळून ओल्या वाळूच्या पायांनी हॉटेलात आणि गाडीच्या डब्यांत शिरायचे, गालिचे खराब व्हायचे. अलेक्झांडर बोर्डमन नावाच्या रेल्वेच्या कंडक्टरने पुढाकार घेतला आणि १८७० मध्ये वाळूवर फळ्या टाकल्या गेल्या. सगळ्या जगाने उचललेली कल्पना, पण मूळ गरज पाय पुसण्याची.

नातवाचं लक्ष रस्त्यांच्या पाट्यांवर. स्टेट्स ॲव्हेन्यू, व्हर्जिनिया ॲव्हेन्यू, पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू. प्रत्येक पाटीला तो ओरडे, कारण मोनोपॉली या खेळाच्या पटावर हीच नावं आहेत. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेला तो पट या गावाच्या रस्त्यांवरूनच बेतलेला. आपण लहानपणी 'व्यापार' खेळायचो तो याच खेळाचा भारतीय भाऊ; त्यात मुंबई घेतली की जिंकल्यासारखं वाटायचं. नातवाने विचारलं, पटावर सगळ्यात स्वस्त असलेला बाल्टिक ॲव्हेन्यू कुठे आहे? तो आत, समुद्रापासून दूर, नॉर्थसाइड नावाच्या वस्तीत. या गावातल्या मोठमोठ्या हॉटेलांत स्वयंपाक करणारे, खोल्या झाडणारे, वाढपी, पाहुण्यांना फिरवायच्या चाकांच्या खुर्च्या ढकलणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि ते तिथे राहायचे. त्यांना समुद्रावर पोहायला वेगळी जागा ठरवून दिली होती, मिझूरी ॲव्हेन्यूजवळ. लोकांनी तिला चिकन बोन बीच म्हटलं, कारण घरून डब्यात तळलेली कोंबडी आणून लोक तिथे दिवस घालवायचे. मी माझ्या डब्याकडे बघितलं आणि गलबलून आलं. ज्यांनी सगळं गाव झाडून-पुसून चकचकीत ठेवलं, त्यांना समुद्र वाटून दिलेला.

शोबोटच्या अगदी शेजारी आता हार्ड रॉक हे कॅसिनो हॉटेल आहे. त्याआधी तिथे ट्रम्प ताजमहाल होता. भारतातून आलेल्या माणसाला हे नाव ऐकून थांबावंच लागतं. एप्रिल १९९० मध्ये उघडलेला हा कॅसिनो बांधायला सुमारे १०० कोटी डॉलर लागले. कांद्याच्या आकाराचे रंगीत घुमट, डझनावारी मिनार, दारात दगडी हत्ती, आणि 'जगातलं आठवं आश्चर्य' अशी जाहिरात. पैसा उभा केला होता ६७.५ कोटी डॉलरच्या रोख्यांतून, १४ टक्के व्याजाने. एवढं व्याज फेडायला रोज पाण्यासारखा पैसा आत यायला हवा होता. तो आला नाही. सव्वा वर्षातच, १९९१ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज झाला. बांधकामावरच्या कितीतरी लहान कंत्राटदारांचे पैसे अडकले. तरी तो पुढे पंचवीस वर्षं चालला. २०१६ च्या उन्हाळ्यात आचारी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका आरोग्यविमा आणि पेन्शन परत मिळावं म्हणून संपावर गेल्या, आणि १० ऑक्टोबरला मालकाने दाराला कुलूप लावलं. पुढच्या वर्षी हार्ड रॉकने ५ कोटी डॉलरला घेतला. १०० कोटींची वास्तू ५ कोटींना. घुमट उतरले, हत्ती गेले. आग्ऱ्याचा ताज शोकातून उभा राहिला होता. त्याचं नाव व्याजावर टेकवायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे रिसॉर्ट्‌स. या इमारतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले, कारण कॅसिनोंची सगळी गोष्ट इथे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या दारी मोटारी आल्या, विमानं स्वस्त झाली, आणि उन्हाळ्याची सुट्टी फ्लॉरिडाला जाऊ लागली. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथल्या बोर्डवॉक हॉलमध्ये भरलं. देशभरचे वार्ताहर आले, हॉटेलांची दैना बघून गेले आणि तीच छापली. ज्या गावाने स्वतःला दाखवायला पाहुणे बोलावले, त्याची फाटकी बाजूच सगळ्यांना दिसली.

मग जुगाराचा विचार आला. १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी तो फेटाळला. दुसऱ्यांदा मांडताना दोन गोष्टी बदलल्या : कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीत, आणि त्यावरच्या कराचा पैसा म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या सोयींसाठी. नोव्हेंबर १९७६ मध्ये कौल मिळाला. आजही राज्यातल्या वृद्धांच्या औषधांना त्या करातून मदत होते.

१९७६ हे साल वाचून मी चमकले. त्याच साली आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा केला होता! कायदा झाला, पण तो कधी अमलातच आणला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द केला. इकडे दोन वर्षांत, २६ मे १९७८ ला, याच रिसॉर्ट्‌सच्या दारात माणसांची रांग बोर्डवॉकवर लांबच लांब गेली होती. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाबाहेर देशातला हा पहिला कायदेशीर कॅसिनो. आपल्याकडे तो कायदा अमलात आला असता तर कुठल्या गावाचं असं झालं असतं, या विचाराने मला बरं वाटलं नाही. महाबळेश्वरचं? माथेरानचं?

न्यू जर्सीच्या कायद्यातलं एक कलम पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. नुसता कॅसिनो काढता येणार नाही. किमान ५०० खोल्यांचं हॉटेल बरोबर हवं. हेतू चांगला होता, गावात लोकांनी मुक्काम करावा. रिसॉर्ट्‌सने हॅडन हॉल हे जुनं हॉटेल दुरुस्त करून वापरलं, पण बाकीच्यांना नवं बांधणं सोयीचं होतं. मार्लबरो-ब्लेनहाइमसारखं घुमटांचं देखणं हॉटेल, त्यातलं ब्लेनहाइम तर १९०६ चं, काँक्रीटच्या बांधकामातलं त्या काळचं नवल, १९७८ मध्ये पाडून टाकलं. आणि प्रत्येक कॅसिनोच्या डोक्यावर शेकडो खोल्यांचा मनोरा आला. त्यामुळे कॅसिनो बंद पडला की नुसतं दुकान बंद होत नाही, अख्खा डोंगर रिकामा होतो.

शोबोट आणि ताज उभे आहेत ती जमीनही रिकामी नव्हती. १९६० च्या दशकात 'शहर सुधारणे'च्या नावाखाली तिथली घरं पाडली होती. सुधारणा काही झाली नाही. कितीतरी एकर जमीन उघडी पडून राहिली, ती पुढे रिसॉर्ट्‌सच्या हाती आली.

समोर समुद्रात शिरलेला स्टील पिअर १८९८ चा. इथे घोडेस्वार बाई उंच फळीवरून घोड्यासकट पाण्याच्या हौदात उडी मारायची. सोनोरा वेबस्टर कार्व्हर १९३१ मध्ये अशा उडीत आंधळी झाली आणि त्यानंतरही अकरा वर्षं उड्या मारत राहिली. नातवाला हे सांगितलं तर तो पहिल्यांदा गप्प झाला. घोड्याला लागायचं का, हा त्याचा प्रश्न.

गुडघे बोलू लागले तशी परत येताना जिटनी पकडली. तेरा माणसांची छोटी बस, १९१५ पासून या गावात धावते. आपलं वडापच. नुसतं कोंबून भरत नाहीत एवढाच फरक. ड्रायव्हर बांगलादेशी होते. अटलांटिक सिटीत बांगलादेशी आणि गुजराती कुटुंबं खूप. कॅसिनोंनी कामाला माणसं हवीत म्हटल्यावर न्यूयॉर्कहून, आणंद-नडियादहून, सिल्हेटहून लोक इथे येऊन राहिले. जिटनीत मागच्या बाकावर दोघी बायका गुजरातीत शिफ्टच्या वेळा बोलत होत्या. मावशींची आठवण आली. उद्या त्या येणार होत्या.

दिवस तिसरा

सकाळी लेकीबरोबर ॲबसीकन दीपगृह बघून आले. १८५७ चं, २२८ पायऱ्या. मी अर्ध्यावर बसले, ती वर जाऊन आली. जावई आणि नातू शोबोटच्या शेजारी २०२३ मध्ये उघडलेल्या काचेच्या छताच्या वॉटर पार्कमध्ये. त्याबद्दल त्यांनाच विचारावं.

मी दुपारी लॉबीत बसून २०१४ सालची गोष्ट पुन्हा मनात लावून घेतली, मावशींशी बोलताना चुकायला नको म्हणून.

२००६ मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी ५२० कोटी डॉलर कमावले. तो कळस. त्याच वर्षाच्या अखेरीला शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो उघडू लागले. फिलाडेल्फियाची जी मंडळी शंभर किलोमीटर गाडी मारून इथे यायची, त्यांना घराजवळ जुगाराची यंत्रं मिळाली. मग न्यूयॉर्कमध्येही सोय झाली. आठ वर्षांत कमाई जवळपास निम्म्यावर आली. २०१४ मध्ये एकाच वर्षात चार कॅसिनो बंद पडले. जानेवारीत अटलांटिक क्लब, ३१ ऑगस्टला शोबोट, दोन दिवसांनी रेव्हल, आणि त्याच सप्टेंबरात ट्रम्प प्लाझा. रेव्हल तर २४० कोटी डॉलर ओतून जेमतेम दोन वर्षांपूर्वी उघडलेला. सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या.

यात शोबोटचं वेगळं आहे, आणि तेच मला सहन होत नाही. शोबोट तोट्यात नव्हता. मालक कंपनीचे गावात आणखी तीन कॅसिनो होते. चार दुकानांत गिऱ्हाईक विभागलं जातं, एक बंद केलं तर तेच गिऱ्हाईक तिघांकडे जाईल, असा हिशोब. चालतं घर, २१०० माणसं कामाला, आणि तेच निवडलं.

पुढचं तर कायद्याच्या वर्गात शिकवावं असं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये स्टॉकटन या सरकारी विद्यापीठाने शोबोट १.८ कोटी डॉलरला घेतलं. कॅसिनोच्या जागी कॉलेज येणार, खोल्यांत विद्यार्थी राहणार. बाहेरगावची असून मी ही बातमी वाचताना आनंदले होते. पण विकताना जुन्या मालकाने करारात घातलं होतं, इथे कॅसिनो काढायचा नाही. आणि १९८८ च्या एका जुन्या करारात रिसॉर्ट्‌स, ताज आणि शोबोट यांनी मिळून लिहून ठेवलं होतं, शोबोटच्या जागेत पहिल्या दर्जाच्या कॅसिनो हॉटेलाखेरीज दुसरं काहीही होणार नाही. एका कागदाने कॅसिनो काढता येत नाही, दुसऱ्या कागदाने कॅसिनोशिवाय काही काढता येत नाही! शेजारच्या ताजने जुना करार पुढे केला. २१ वर्षांखालची मुलं कॅसिनोच्या दाराशी राहायला नकोत, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. जानेवारी २०१६ मध्ये फिलाडेल्फियाचे विकासक बार्ट ब्लॅटस्टीन यांनी ती वास्तू २.३ कोटींना घेतली आणि जुलैत कॅसिनोविना हॉटेल म्हणून उघडली. स्टॉकटनने गावाच्या दुसऱ्या टोकाला २०१८ मध्ये आपलं कॉलेज उभारलंच, याचं समाधान आहे.

चारच्या आधी मावशी आल्या. राखाडी रंगाची सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले. बोर्डवॉकच्या बाजूच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि तिथेच थांबल्या. मी हात धरला. म्हणाल्या, "ताई, जरा थांबा. आम्ही या दाराने कधी येत नसू. आमचं दार मागे."

दोन मिनिटांनी आत आलो. आर्केडचा गोंगाट, रंगीत दिवे, मुलांची पळापळ. त्या सरळ चालत गेल्या, मग थांबल्या, खांब मोजू लागल्या. ओठ हलत होते. मागे फिरल्या, पुन्हा मोजले. एका खांबाशी उभ्या राहून म्हणाल्या, "इथे."

तिथे काचेची पेटी होती, आतल्या चिमट्याने कापडी खेळणी उचलायची ती. मावशींनी पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले, टेबलावर ठेवतात तसे, बोटं पसरून. ते हात मी जवळून बघितले. उजव्या अंगठ्याच्या पेराशी बारीक घट्टा. "पत्ता इथून सरकतो," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षं."

मग त्या सांगत गेल्या. तासभर उभं राहून ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार चालवायचा, मग वीस मिनिटं सुट्टी. पोटावर काळा एप्रन, तो शोभेसाठी नव्हे, खिसे झाकले जावेत म्हणून. पगार थोडा, टीप सगळ्या डीलरांची, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यांची, एकत्र करून तासांप्रमाणे वाटायची, तिला टोक म्हणायचं. त्या टोकवर दोन मुलांची कॉलेजं झाली, बडोद्याच्या घराचं कर्ज फिटलं. गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, हस्तांदोलनही नाही. आणि टेबल सोडताना एक टाळी, मग तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे : हातात काही लपवलेलं नाही. गणपतीतली ती टाळी मला तेव्हा उमगली.

"कोणी हरून गेलं की वाईट वाटायचं?" मी विचारलं.

"वाटायचं. घरभाड्याचे पैसे घेऊन बसलेली माणसं ओळखू यायची मला. काही बोलता यायचं नाही." त्या थांबल्या. "हे काम चांगलं होतं असं मी म्हणणार नाही ताई. पण आम्ही ते चोख केलं."

कॅसिनोचा शेवटचा दिवस रविवारचा होता. लेबर डेची जोडून सुट्टी, गर्दी भरपूर. दुपारी चारला बंद हे सगळ्यांना माहीत. त्यांच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, फिलाडेल्फियाचे, वीस वर्षं येणारे. चार वाजले. सुपरवायझर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मोजून ट्रेला झाकण लावू लागला. त्या गृहस्थांनी टेबलावरून हात पुढे केला. मावशींनी वर बघितलं, सुपरवायझरने मान दुसरीकडे वळवली, आणि त्यांनी तो हात हातात घेतला. "किती वेळ धरून ठेवला होता देव जाणे. मग कोणीतरी मला खांद्याला धरून बाहेर नेलं."

त्यानंतर आठ महिने काम नव्हतं. गावात प्रत्येक गल्लीत तेच. कर्जाचे हप्ते थकले, घरं बँकांच्या ताब्यात गेली. घरजप्तीच्या प्रमाणात हा परिसर देशात पहिल्या क्रमांकावर होता. मावशींची शेजारीण घराच्या किल्ल्या टेबलावर ठेवून मुलीकडे टेक्सासला निघून गेली. मावशींना पुढे एका दुकानात काम मिळालं, निम्म्या पैशांत. नवऱ्याने टॅक्सी चालवली. घर मात्र त्यांनी राखलं.

नातू ओल्या केसांनी पळत आला. त्याच्याकडे खेळाचं कार्ड होतं. "आजी, तुम्ही खेळा ना," तो मावशींना म्हणाला. त्यांनी मान हलवली. मग त्याचा चेहरा बघून कार्ड घेतलं. चिमटा खाली गेला, निळ्या माशाला घासला आणि रिकामाच वर आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मासा अर्ध्यापर्यंत उचलला गेला आणि पडला. नातू हळहळला.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. कार्ड त्याच्या हातात दिलं. पेटीपासून एक पाऊल मागे सरल्या, पाठ ताठ केली. एक टाळी वाजवली. दोन्ही तळवे छताकडे उघडले, पालथे केले, पुन्हा उघडले. तसेच क्षणभर धरून ठेवले.

"हे काय केलंत?" नातवाने विचारलं.

"टेबल सोडताना करायचं असतं बेटा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी राहून गेलं होतं."